शिरपुरात आडवा झालेला व्याही

प्रवासाची हकिकत लिहिणाऱ्याने निदान डोळे तरी उघडे ठेवलेले असावेत, अशी वाचकाची रास्त अपेक्षा असते. माझ्या प्रवासातली मुख्य घटना घडली तेव्हा माझे डोळे पांढरे झाले होते. त्यामुळे तेवढा भाग मेहुण्याच्या सांगण्यावरून लिहितो आहे. बाकीचं मी स्वतः पाहिलेलं आणि जमेल तिथे मोजलेलं आहे.

मी सोलापूरच्या एका सूतगिरणीत तपासणी खात्यात आहे. सुताची लडी काट्यावर टाकायची, वजनावरून सुताचा नंबर काढायचा आणि नंबर बसला नाही तर माल परत पाठवायचा, हे माझं काम. ही खोड घरीही सुटत नाही. मला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. रोज सकाळी उठून मी लघवीतली साखर तपासतो आणि मग नाडी मोजतो. नाडी ब्याण्णव. उन्हाळ्यात ब्याण्णव, थंडीत ब्याण्णव, गिरणीत संप झाला तेव्हा ब्याण्णव, थोरल्याचा मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हाही ब्याण्णव. "लोकांच्या नाड्या भित्र्या असतात. माझी कशानं हलत नाही," असं मी चारचौघांत सांगत असे. ऐकणारे मान डोलवत. डॉक्टर असा त्यांच्यात कोणी नव्हता.

हा प्रवास मुलीच्या, कुमुदच्या, सोयरिकीसाठी होता. मुलगा सुरेश, अकोल्याला नोकरीत. घर वऱ्हाडातल्या शिरपूर जैन या गावचं, आमच्याच पंथातलं. दोघांनी एकमेकांना एका लग्नात पाहिलं होतं. घरी आल्यावर कुमुदने आईला सांगितलं, "करीन तर इथंच." आमच्या घरात मुलींनी इतकं स्पष्ट बोलायची पद्धत नाही, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. आता मुलीच्या बापाने घर पाहायचं आणि सुपारी फोडून यायचं, एवढंच उरलं होतं. बिघडण्यासारखं काही राहिलं नव्हतं. फक्त मी राहिलो होतो.

मालेगाव

सोबत मेहुणा शांतिनाथ होता. तो मला दाजी म्हणतो, आणि त्या एका शब्दाच्या आडून वाटेल ते बोलतो.

वाशीमजवळच्या मालेगावला उतरलो तेव्हा माघातलं कोवळं ऊन पडलं होतं. जमीन आमच्यासारखीच काळी, पण आमच्याकडे या दिवसांत ती भेगाळून तोंड वासते. इकडे तूर अजून उभी होती आणि कापसाच्या पऱ्हाट्यांवर उरलासुरला कापूस लोंबत होता. सोलापूरकडे नवखा माणूस भेटला की त्याला गाव विचारतात. इकडे आधी "चहा झाला का?" विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता कप पुढे करतात.

मी चहा नको म्हटलं, कारण माझी तपासणी व्हायची होती. पिशवीतून काचेची नळी काढली, तीत निळं औषध घेतलं, आडोशाला जाऊन त्यात थेंब मोजून घातले आणि हॉटेलवाल्याच्या स्टोव्हच्या कडेला नळी चिमट्यात धरून उकळायला लागलो. निळंच राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी आणि विटकरी अशी चढती भाजणी असते.

हॉटेलवाला कंबरेवर हात ठेवून पाहत होता. "काय शिजवून राह्यले जी?"

"औषध," शांतिनाथ घाईने म्हणाला.

"वा! निळं होतं, हिरवं झालं! कायचं औषध?"

मला खोटं बोलता येत नाही. मी सांगितलं.

त्याने आधी दुधाचं पातेलं उचलून आत नेलं, मग बाहेर येऊन आम्हांला धुतलं, मग स्टोव्ह धुतला. "मानूस दिसते शिकला-सवरला, आनं काम पाहा! दुधाच्या बाजूले!" शांतिनाथने माफी मागितली. मी नाडी मोजली. एवढा माणूस अंगावर आला, तरी ब्याण्णव. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

शिरपूर

शिरपूर मोठं गाव आहे. यात्रेकरूंच्या गाड्या, पूजेच्या सामानाची दुकानं, आणि मधोमध पार्श्वनाथाचं जुनं मंदिर. मंदिराचं दार इतकं ठेंगणं की नमस्कार करायचा विसरला तरी दारच करून घेतं. मी वाकून आत शिरलो आणि सरळ झालो तशा डोळ्यांपुढे काळ्या माश्या आल्या. भिंतीला हात लावून उभा राहिलो. शांतिनाथला वाटलं भक्ती दाटली. मी दाराला दोष दिला.

मुलाचे वडील हिरासाव. इकडे आमच्या लोकांच्या नावाला 'साव' लावायची रीत आहे. त्यांचं किराणा दुकान आहे. माणूस गोल, हसरा आणि गोडाचा भोक्ता. घरात हुकूम मात्र त्यांच्या थोरल्या बहिणीचा. विधवा झाल्यावर त्या माहेरी आल्या, आणि तेव्हापासून घर, सुपारी-कुंकवाच्या मानासकट, त्यांच्या मुठीत आहे. सगळे त्यांना जिजी म्हणतात. हिरासावांनी दारातच सांगितलं, "हे पाहा, मी होच म्हन्तो. पन जिजी हो म्हन्तीन तवाच ते हो."

जेवण ऊन असतानाच झालं; सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नेम दोन्ही घरांचा. तुरीच्या हिरव्या सोल्यांची भाजी, गोळ्यांची कढी, भाकर, आणि पुरणपोळी. आमच्याकडे पोळीवर तूप वाढतात. इथे वाटीभर तुपात पोळी बुडवून ठेवतात, आणि ती संपली की दुसरी बुडते. मी एका पोळीत गार होतो. गेली दोन वर्षं माझं पोट चार घासांत भरतं. पोटभर न जेवणं हे आपल्या धर्मात तप सांगितलं आहे, आणि ते आपल्याला आपसूक साधलं असं मी मनात धरून चाललो होतो. पण व्याह्याच्या घरी तप चालत नाही. हिरासावांनी तीन पोळ्या खायला लावल्या आणि स्वतः पाच खाल्ल्या.

शिवाय जेवताना माझ्या कपाळावरून आणि मानेवरून घामाच्या धारा लागल्या. हे घरीही होतं. दहीभात खातानाही होतं. बायको म्हणते, दुसरे लोक काम करून घाम गाळतात. हिरासाव शाल पांघरून बसले होते. म्हणाले, "गरमी होते का तुमाले?" स्वयंपाकघराच्या दारातून जिजी पाहत होत्या.

जेवणानंतर गादीवर लोडाला टेकून बसलो. अंग जड झालं होतं. तेवढ्यात सुपारीचं तबक घेऊन जिजी आल्या. मुलीच्या बापाने मोठ्या माणसासमोर बसून राहणं बरं नव्हे. मी ताडकन उठलो, हात जोडले, "नमस्कार" म्हणायला तोंड उघडलं. एवढंच मला आठवतं.

पुढचं शांतिनाथकडून.

मी 'नम' एवढंच म्हणालो आणि पोत्यासारखा खाली आलो. इथे कोणी मला तसंच पडू दिलं असतं, तर ही हकिकत लिहायची वेळ आली नसती. पण होणारा व्याही, पहिल्यांदा घरी आलेला, तो जमिनीवर लोळतोय हे त्या घराला कसं चालावं? दोघांनी काखेत हात घालून मला उचललं आणि लोडाला टेकवून ताठ बसवलं. मान टाकली तर मान धरली. तशी माझे हातपाय झटके द्यायला लागले आणि डोळे वर गेले.

"फेफरं हाये!" जिजी म्हणाल्या. "कांदा हुंगवा त्याले. कांदा आना!"

घर जैनांचं. त्या घरात बांधल्यापासून कांदा आलेला नाही. चामड्याची चप्पल हुंगवतात, पण ती मंदिरातून आलेल्या माणसाच्या नाकाला लावायची कशी? शेवटी समोरच्या वानखडे गुरुजींना हाक गेली. हे प्राथमिक शाळेत शिक्षक, बौद्ध कुटुंबातले, जिजींचे जुने शेजारी. ते कांदा घेऊन धावत आले आणि उंबऱ्यापाशी थांबले.

"घ्या जिजी. जनम गेला शेजारात, आज पयल्यांदा माह्या घरचा कांदा मांगला."

"तथीच थांबा गुरुजी! कांदा आत नोका आनू."

"मंग बाहेरून दाखवू का त्याले?"

कांदा आत येऊ शकत नव्हता, म्हणून मला कांद्याकडे न्यायचं ठरलं. खुर्चीत बसवलं, धोतराने पाठीशी बांधलं आणि चौघांनी उचलून, राजासारखं ताठ, ओसरीवर आणलं. सगळ्या वाटेने माझे झटके चालूच होते. शांतिनाथ म्हणतो, "दाजी, तुमच्या लग्नात घोड्यावर एवढे हलला नव्हता." गुरुजींनी कांदा फोडून नाकाशी धरला. काही झालं नाही. तेवढ्यात खुर्चीचा जुना पाय मोडला, मी खुर्चीसकट उताणा पडलो, आणि लगेच डोळे उघडून विचारलं, "किती वेळ झाला?"

"पाह्यलं?" जिजी म्हणाल्या. "कांद्यानं उतरलं. कांद्यानं उतरते ते फेफरंच."

खुर्चीला कोणी श्रेय दिलं नाही.

मी शुद्धीवर आलो तेव्हा सुपारीचं तबक आत गेलेलं होतं. जिजी वाईट बोलल्या नाहीत. पाणी दिलं, पांघरूण दिलं. मग समोर बसून सरळ सांगितलं, "तुमी मानूस चांगले. पोरगी बी चांगली असन. पन फेफरं रक्तात असते. मी डोये मिटून पोरगी घरात आनू शकत नाई. मले माफ करा."

मी म्हटलं, "मला फेफरं नाही."

"तुमाले कसं समजन? तुमी तं बेसुद होते."

कुमुदचं "करीन तर इथंच" कानात वाजत होतं. इतकी वर्षं माल परत पाठवत आलो. या वेळी माल मीच होतो.

शेवटी हिरासाव म्हणाले, "जिजी, वाशीमच्या डागतरले तं दाखवू. तो म्हनन तसं."

वाशीम

सकाळच्या गाडीने तिघे वाशीमला गेलो. डॉक्टर तिशीचे, नागपूरला शिकलेले, बोलण्यात तोडून टाकणारे. सगळं ऐकून घेतलं, कांद्याच्या ठिकाणी हसले, आणि म्हणाले, "झोपा."

झोपवून रक्तदाब मोजला: एकशे पन्नास. मग उभं केलं आणि पट्टा न सोडता पुन्हा मोजला: शंभरच्या खाली. पुन्हा काळ्या माश्या. "झोपा, झोपा," म्हणत त्यांनी मला ढकललंच.

"एकाच माणसाचं मोजून काय कळणार?" मी पडल्या पडल्या म्हणालो. "तुमचं यंत्र चुकत असेल. दुसऱ्या कोणाचं मोजून पाहा."

शांतिनाथने कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी मात्र हिरासावांकडे बोट केलं. "या तुम्ही." हिरासाव झोपले, उठले. त्यांचा आकडा जवळजवळ जागेवर राहिला. यंत्र बरोबर होतं.

"आता नाडी. लांब श्वास घ्या, सोडा." हिरासावांची नाडी श्वासाबरोबर धावत होती, मंदावत होती; उठल्याबरोबर पळत सुटली. अगदी चंचल. मी कीव करून पाहत होतो. मग डॉक्टरांनी माझं मनगट धरलं. श्वास घेतला, ब्याण्णव. सोडला, ब्याण्णव. उठलो, डोकं फिरलं, तरी ब्याण्णव.

"ही कायम अशीच असते," मी सांगितलं. आवाजात थोडी ऐट आली असावी.

"किती वर्षं?"

"तीन-चार."

"म्हणजे तीन-चार वर्षं झाली बिघडून."

डॉक्टर टेबलाच्या कडेवर बसून समजावू लागले. शरीरात काही नसा आपल्या हुकमातल्या. हात उचल म्हटलं की उचलतात. काही नसा आपल्याला न विचारता काम करतात. हृदय कधी पळवायचं, पोट कधी हलवायचं, घाम कुठे आणायचा, सगळं त्यांच्याकडे. माणूस उभा राहिला की रक्त पायांत उतरतं. मग या नसा पायांतल्या वाहिन्या आवळतात आणि हृदयाला पळायला सांगतात. "तुमच्या रक्तातल्या साखरेनं त्या नसा वर्षानुवर्षं खराब केल्या आहेत. तुम्ही उठता, पण आतल्या खात्यांना निरोपच जात नाही. जड जेवणानंतर तर नाहीच. डोक्याला रक्त कमी पडतं, माणूस पडतो. पडला की रक्त पुन्हा डोक्याकडे येतं, माणूस जागा होतो. ही देवानं केलेली सोय आहे. तुमच्या लोकांनी ती होऊ दिली नाही. ताठ धरून ठेवला तर चांगला माणूसही झटके देईल."

"म्हन्जे फेफरं नाई?" हिरासाव.

"नाही."

मग डॉक्टरांनी एकेक विचारलं. जेवताना तोंडावर घाम? हो. पाय कोरडे? हो, माझ्या मोज्यांना वास येत नाही, हे मी घरी नेहमी बजावत असे. चार घासांत पोट भरतं? हो. जे तप म्हणून मिरवत होतो, ते जठर ढिलं पडल्याचं लक्षण निघालं. एकेका प्रश्नाला माझा एकेक सद्गुण गळत होता. शेवटी उरलो नुसता मी.

उपाय साधे सांगितले. उठताना घाई नको. आधी बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं. पलंगाची डोक्याकडची बाजू विटांवर चढवायची. जेवण थोडं थोडं. साखर आटोक्यात. "आणि अंधारी आली की लाजायचं नाही. आहात तिथे आडवं व्हायचं."

निघताना डॉक्टरांनी माझी लघवी तपासली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुलना हवी ना तुम्हाला?" त्यांनी हिरासावांनाही बाटली दिली. माझी हिरवी झाली. हिरासावांची नारिंगी.

"माही कायले?" हिरासाव घाबरले. "मले तं काई होत नाई!"

"यांनाही काही होत नव्हतं," डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

परतीच्या गाडीत हिरासाव माझ्या बाकावर सरकले. मग माझ्या कानाशी आले. "तुमचं सांगा सारं. माहं जिजीले सांगू नोका. पोया बंद करन ते."

"मी तुमचं काही सांगणार नाही," मी म्हटलं. "पण मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

"मेलो," शांतिनाथ पुढच्या बाकावरून म्हणाला.

पुन्हा शिरपूर

जिजी ओसरीवरच बसल्या होत्या. समोरून वानखडे गुरुजीही आले, आपल्या कांद्याचं काय झालं ते ऐकायला. मी पायरीवर टेकलो आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं क्रमाने सांगितलं. फेफरं नाही हे ऐकून गुरुजी म्हणाले, "म्हन्जे आमचा कांदा फुकट गेला." जिजी हसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या.

"फेफरं नाई. साखर हाये."

"हो."

"आनं हे साखर मायबापापासून लेकराले येते का?"

शांतिनाथने त्या वेळी माझा पाय जोरात दाबला, असं तो नंतर म्हणाला. माझ्या पायांना आता तसलं काही कळत नाही.

"येऊ शकते," मी म्हटलं. "माझ्या आईला होती. कुमुदला आज नाही, मी तपासली आहे. पुढे होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. तिच्या मुलांबद्दलही नाही."

जिजींनी माझ्याकडे पाहिलं, मग आत, जिथे तबक ठेवलं होतं तिकडे. सोयरिक माझ्या डोळ्यांदेखत मोडत होती, आणि या खेपेला मी शुद्धीवर होतो.

"जिजी," हिरासाव खाली मान घालून म्हणाले, "माही बी निघाली."

"काय निघाली?"

"साखर. नारंगी."

जिजी सावकाश त्यांच्याकडे वळल्या. "तरी काल पाच पोया गियल्या! आनं मले म्हन्ते, जिजी, तूप कमी हाये!"

"मले काय माईत?"

"आता माईत झालं ना? आता भाकर खाजो, कोरडी!"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण हिशेब अर्धा सोडणं माझ्याच्याने होत नाही. "यात एक गोष्ट लक्षात घ्या," मी म्हटलं. "दोन्ही घरांत असली तर मुलांना धोका जास्तच. म्हणजे तसं पाहिलं तर हे आणखी वाईट."

"दाजी!" शांतिनाथ जवळजवळ ओरडला.

"तुमी थांबा जी," जिजी मला म्हणाल्या. "तुमाले पोरगी द्यायची हाये का परत घेऊन जायची हाये?"

"द्यायची आहे."

"मंग काहून असे उलटे बोलून राह्यले?" त्या उठल्या. "माह्या घरात हे आजार आधीच बसून होता, आनं मी त्याले तूप वाढून राह्यली होती. तुमी आले म्हनून समजलं. आता तुमच्या पोरीले कोन्या तोंडानं नाई म्हनू? आनं लगन सुरेसचं आनं कुमुदचं हाये. तुमच्या दोघायच्या बाटल्यायचं नाई."

वानखडे गुरुजी मोठ्याने हसले. मग जिजी स्वतः हसल्या, आणि तबक आणायला आत गेल्या.

शेजारच्या बाया जमल्या, ओसरी भरली. सुपारी फुटली. मग व्याहीभेट, दोन्ही व्याह्यांनी उभं राहून गळ्यात गळा घालायचा. मी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे आधी बसलो, पाय हलवले, मग उठलो. तरीही अर्ध्यात काळ्या माश्या आल्या. कालचा असतो तर दात आवळून उभा राहिलो असतो. या वेळी "आलो" म्हणालो आणि भरल्या ओसरीत, सगळ्यांच्या मधोमध, सतरंजीवर सरळ आडवा झालो.

दोघे जण उचलायला धावले. "हात नोका लावू त्याले!" जिजी गरजल्या. "पडू द्या. पायाखाली लोड द्या."

हिरासाव माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसले आणि वाकून त्यांनी मला तशीच मिठी मारली. त्यांच्या पोटाचं वजन छातीवर आलं, पण तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. मग जिजी कुंकवाची वाटी घेऊन आल्या तशी सगळी ओसरी उभी राहिली. मी एकटा उठलो नाही. जिजींनी वाकून माझ्या कपाळाला बोट लावलं आणि तिथेच थांबल्या.

"आडव्या मानसाले टिया लावनं हे मी आजवर एकाच कामी केलं," त्या म्हणाल्या. "हासा जी जरासे. नाई तं ह्या बाया रडाले बसतीन."